खिडकीचा आणि दारचा

४ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न वाचताच फाडायला निघाला असाल, तर एवढं वाचा आणि मग खुशाल फाडा: हे पत्र यांनी लिहायला लावलेलं नाही. हे बाजूला गॅरेजमध्ये खटपट करत बसलेत आणि मी शिलाई मशीनवर एका कोटाचं अस्तर पसरून त्याच्याआड लिहितेय. मधूनमधून पायडल मारते, म्हणजे काम चालू आहे असं वाटावं.

कामाचं तेवढं सांगते. मामंजींची मोटरसायकल विकायची ठरतेय. जुन्या गाड्या जमवणारं एक गिऱ्हाईक आलं होतं. माणूस बरा वाटला. म्हणाला, सगळं छान ठेवलंय, पण दोन सिलिंडरची गाडी आणि कार्बोरेटर एकच, हे कसं? मी काय सांगणार? दुसरा तुमच्याकडे आहे. तुम्ही तो तिकडे काय शोकेसमध्ये मांडलाय का ते ठाऊक नाही, पण तुमच्या तो उपयोगाचा नाही. पाठवून द्याल तर विक्री उरकेल.

दुसरा विकत मिळतो म्हणाल. मिळतो. पण तुमचे दादा कसे आहेत ते तुम्हाला मी सांगायचं का? "ज्याने नेला त्याने आणून द्यावा," एवढंच म्हणतात आणि विषय बंद. तुम्ही गेल्यावर यांनी त्या बाजूच्या तोंडाला पत्र्याची चकती बसवली, प्लग काढून टाकला आणि तेव्हापासून दोन सिलिंडरची गाडी एकावर चालवताहेत. सपाट रस्त्यावर ती कशीबशी ओढते. चढ आला की मी उतरते आणि पर्स सांभाळत मागून चालत जाते. गल्लीत तिला लंगडी म्हणतात. आणि "लंगडी आली" म्हणजे नक्की मी की गाडी, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

तुमचा जुना फोन लागत नाही, नवा नंबर कुणी दिला नाही. हा पत्ता तुमच्या कंपनीचा आहे. लवकर पाठवा, गिऱ्हाईक थांबणार नाही.

वहिनी

२९ जानेवारी

भाऊजी,

उत्तर नाही. ठीक आहे, हट्ट तुमच्या घराण्यात पिस्टनपेक्षा जुना आहे.

आज गिऱ्हाइकाचं काही लिहीत नाही. हल्ली हे फार बोलतात, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला खरं नाही वाटणार. जेवताना "मीठ" एवढा एक शब्द बोलणारा माणूस आता रोज संध्याकाळी मला इंजिन शिकवतो. मी काही विचारलं तर उत्तर दुसऱ्याच कशाचं देतात, पण बोलणं थांबत नाही. या वयात मला गाडीची जन्मकथा पाठ झाली आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगते. आधी याच कंपनीची एका सिलिंडरची गाडी होती म्हणे. एकच मोठा पिस्टन, आणि दर दुसऱ्या फेरीला एक दणका. मग तिथल्या कुणा डोकेबाज माणसाने एका मोठ्या पिस्टनच्या जागी दोन लहान बसवले, शेजारी शेजारी. बाहेरून इंजिन जेमतेम बोटभर रुंद झालं, पण एका मोठ्या दणक्याचे दोन लहान ठोके झाले आणि चाल एकसारखी आली. मला वाटायचं, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येत असेल, झोपाळ्याच्या फळीसारखं. तर नाही! आपल्या गाडीत दोघे बरोबरच वर जातात आणि बरोबरच खाली येतात. फक्त पेटतात पाळीपाळीने. एक पेटून खाली येतो तेव्हा दुसरा नुसती हवा आणि पेट्रोल आत ओढत त्याच्यासोबत खाली येतो. पुढच्या फेरीला याची पाळी. यात तुम्हा दोघांबद्दल मला काही सुचवायचं नाही, उगाच भुवया चढवू नका.

पहिल्या गाड्यांना मागे स्प्रिंगच नव्हत्या, सगळा भार सीटवर आणि बसणाऱ्याच्या मणक्यावर. मामंजींनी आपली घेतली तोवर मागचं चाक हलत्या दांड्यांवर आलं होतं. इंजिनाचं डोकं लोखंडाचं जाऊन अ‍ॅल्युमिनियमचं आलं होतं, कारण लोखंड उष्णता धरून बसतं. दिव्याला वीज देणारा डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. इथवर सगळं शहाणपणाचं झालं, हे म्हणतात. मग लोकांना जोर हवासा वाटला. पाचशे सीसीची साडेसहाशे केली, मग त्याहून मोठी. ठोकळा मूळचा तोच, आत पिस्टन मात्र मोठे मोठे होत गेले. दोन्ही जड पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली, मग थरथर वाढणारच. नट ढिले व्हायला लागले, बल्बच्या तारा तुटायला लागल्या. हे सांगत होते तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडेही असंच असतं. गिऱ्हाईक जाड झालं की कोटाच्या शिवणी सोडून सोडून वाढवायचा, आणि एक दिवस सोडायला आत कापडच उरत नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "काय म्हणालीस?"

शेवटी पुढच्या गाड्यांमध्ये कुणीतरी ती थरथर मारायला उलटी फिरणारी एक वेगळी दांडी आत बसवली, आणि किकच्या जागी बटण आलं. तुम्ही तेव्हा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू म्हणून मागे लागला होतात, ते आठवतं? हे म्हणाले होते, "ज्याला किक मारता येत नाही त्याने बस पकडावी." तुम्ही पुढचे दोन दिवस खरंच बसने जात होतात.

आपली मधली, असं म्हणतात हे. ना सुरुवातीची कच्ची, ना शेवटची सुजलेली. ते सांगताना तोंडावर जे दिसतं ना, ते माझ्या वाट्याला फक्त साखरपुड्याच्या दिवशी आलं होतं.

कार्बोरेटर पाठवा.

वहिनी

१५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन शब्दांची ओळ! "गिऱ्हाईक कोण आहे?" लहानपणापासून तुम्हाला माझं खोटं ओळखता येत नाही, असा माझा समज होता. पण मी घरात आले तेव्हा तुम्ही चांगले मिशीवाले होतात, तेव्हा तो समजही माझाच.

गिऱ्हाईक नाही. गाडी विकायची नाही. ही गाडी विकायची वेळ आली तर आधी हे मला विकतील.

यांचा कान जातोय.

एक तर त्या अपघातातच गेला, ते तुम्हाला माहीत आहे. उरलेल्या कानाच्या नसेवर गाठ आहे. ती काढावी लागणार. जिवाला भीती नाही, पण गाठीबरोबर ऐकणंही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अजिबात काही ऐकू येणार नाही. वीस मार्चची तारीख दिली आहे. मी रडले. यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "गाडीचा आवाज?" डॉक्टरांना वाटलं, रस्ता ओलांडताना हॉर्न कसा कळणार म्हणून विचारताहेत. त्यांनी आरशाचा चष्मा मिळतो असं काहीतरी सांगितलं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आतला रोग सांगणारा हा माणूस. आता माझं पायडल त्यांना ऐकू जात नाही. त्या पहिल्या पत्राच्या वेळी मी उगाचच मारत होते. आणि हे एवढं बोलतात का, तेही मला उशिराच कळलं. स्वतः बोलत राहिलं की समोरच्याचं ऐकावं लागत नाही.

मला त्यांनी काही मागितलेलं नाही. पण रोज सकाळी ती पत्र्याची चकती काढतात, आतलं तोंड फडक्याने पुसतात आणि चकती परत लावतात. मामंजींच्या गाडीचे दोन्ही ठोके त्यांना एकदा ऐकायचे आहेत, कान जायच्या आधी. हे कळायला मला त्यांनी सांगायची गरज नाही.

त्या वेळचं मी आजवर काही बोलले नाही. दोघं मोठे, दोघं शहाणे, मध्ये मी कशाला. आज बोलते. मला जेवढं समजलं ते असं. सहलीच्या आदल्या दिवशी हे तुम्हाला म्हणाले, "खिडकीच्याचं जेट साफ कर." गॅरेजात गाडी नेहमी एकाच जागी, पुढचं चाक भिंतीला लावून. म्हणून खिडकीच्या बाजूचा सिलिंडर तो खिडकीचा आणि दाराच्या बाजूचा तो दारचा, हे तुमचं घरगुती बारसं. जेट म्हणजे पेट्रोल यायचं ते सुईच्या नेढ्याएवढं भोक, हे मला आता कळतं. तुम्ही म्हणालात, "झालं दादा." आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर त्याच बाजूला पेट्रोल कमी पडलं, पिस्टन तापून जाम झाला, चाक अडकलं आणि हे डोक्यावर पडले.

तुम्ही दवाखान्यात कार्बोरेटर घेऊन आलात, माझ्याच अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून. म्हणालात, "दादा, उघडून बघ, मी साफ केला होता." यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "खोटारडा." तुम्ही तसेच गेलात. घरी येऊन यांनी गाडीवर राहिलेला कार्बोरेटर उघडला, तर जेट गच्च तुंबलेलं. मला बोलावून दाखवलं, मगच ते साफ केलं आणि जाम पिस्टन सोडवला. मी तरी काय म्हणणार होते, भाऊजी? मला ते दिसत होतं.

पण मला हेही दिसत होतं की तुम्ही खोटं बोलणाऱ्यातले नाही. या दोन गोष्टी घेऊन मी इतकी वर्षं कोटाला काज करतेय आणि दोन्हींची टोकं जुळत नाहीत.

पाठवा. माझ्यासाठी पाठवा.

वहिनी

३ मार्च

भाऊजी,

पार्सल आलं. आत चिठ्ठी नाही. ठीक.

तुम्ही तो इतकी वर्षं तेल लावून ठेवलात! त्याच अस्तरात, निळ्या सॅटिनच्या. यांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा हे कितीतरी वेळ नुसते बोट फिरवत बसले. नाकाशी नेला. मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. आणि तेवढ्यात त्याला बांधलेली पट्टी दिसली, तुमच्या अक्षरातली. "खिडकीचा."

भाऊजी, हे एकदम उसळले. "अजून तेच! एवढ्या वर्षांनी अजून तेच खोटं!" मला हाताला धरून गाडीपाशी नेलं. "हा बघ, खिडकीचा हा. माझ्याकडे आहे, गाडीवर आहे, तुंबलेला हाच होता. त्याने पाठवलाय तो दारचा!" मी म्हटलं, दोन्ही सारखेच दिसतात, चूक होत असेल. तर मला कार्बोरेटर शेजारी शेजारी धरून दाखवले. सारखे नाहीत. एकाचं पेट्रोलचं भांडं डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, दोन बाह्यांसारखे. इकडचा तिकडे बसतच नाही. म्हणजे यांचं म्हणणं बरोबर आहे, भाऊजी. तुम्ही पाठवलेला दाराच्या बाजूलाच बसतो.

आणि तो त्यांनी बसवला नाही. टेबलावर पडला आहे. "खोट्याची वस्तू माझ्या गाडीला नको," म्हणाले. वीस तारखेला किती दिवस राहिले ते मी मोजत नाही आणि तुम्हीही मोजू नका.

तुम्ही ती पट्टी का लिहिलीत? मुकाट्याने पाठवायचा होतात. मला आज तुम्हा दोघांचा राग आलाय आणि जेवायला काहीही केलेलं नाही.

वहिनी

९ मार्च

भाऊजी,

हे पत्र उभं राहून वाचू नका. बसा कुठेतरी.

काल एक बाई कोट घालून बघायला आल्या होत्या. नवीन गिऱ्हाईक. मी समोर टाचण्या तोंडात धरून बसलेली. म्हटलं, "डावा हात वर करा." त्यांनी केला, आणि लगेच गोंधळून खाली घेतला. "तुमचा डावा की माझा?" मी रोजचं सांगते तेच सांगितलं, "बाई, शिवणात डावं म्हणजे नेहमी घालणाऱ्याचं डावं. मी कुठे बसले, आरसा कुठे आहे, दार कुठे आहे, याच्याशी काही संबंध नाही."

आणि टाचणी माझ्या ओठाला टोचली.

कारण खिडकी कोटाला शिवलेली नसते, भाऊजी. खिडकी भिंतीला असते. कोट फिरला की खिडकी दुसऱ्या बाजूला येते.

त्या सहलीच्या आधी आपण गॅरेज रंगवून घेतलं होतं. पिवळा रंग. रंगाऱ्यांनी गाडी बाहेर काढली आणि एक हात मारून झाल्यावर परत आत ढकलली. मी त्या बाईंना तसंच टाचण्यांत उभं ठेवलं आणि गॅरेजात पळाले. मागच्या मडगार्डावर पिवळे थेंब आहेत ना, ज्यांवरून हे आजतागायत रंगाऱ्यांना शिव्या घालतात? भिंतीशी नेहमी पुढचं चाक असतं. मग भिंतीचा रंग मागच्या मडगार्डावर उडाला कसा?

गाडी उलटी ठेवली होती. त्या थोड्या दिवसांत खिडकीकडे दारचा होता आणि दाराकडे खिडकीचा. यांच्या लेखी ते नाव होतं. पुढचं चाक कुठेही असो, खिडकीचा तो खिडकीचा, जसं आपलं माणूस गावाला गेलं तरी त्याचं नाव बदलत नाही. तुमच्या लेखी ती जागा होती. तुम्ही खिडकीकडे बघितलंत, तिथला उघडला, साफ केलात आणि खरं तेच सांगितलंत. अपघातानंतर टेम्पोवाल्यांनी गाडी आणून नेहमीसारखी लावली आणि सगळं मिटून गेलं. तुम्ही तुमचा साफ केलेला रस्त्यावरच काढून साक्षीला घेऊन गेलात, यांनी यांचा तुंबलेला मला दाखवला. दोघांकडे पुरावा होता, आणि दोघांचा खरा होता.

यांना सांगायचं कसं? ओरडून एवढं सांगता येईना. मी एक काळं कापड टेबलावर पसरलं आणि खडूने खोली काढली. खिडकी, दार, भिंत. गाडी काढली, सरळ. मग शेजारी दुसरी खोली काढली आणि गाडी काढली, उलटी. त्यावर लिहिलं, "रंगारी." यांनी ते कापड स्वतःकडे फिरवून घेतलं. मग उठून गाडीच्या मागे गेले, वाकले आणि त्या पिवळ्या थेंबांवर अंगठा ठेवला.

"त्याने साफ केला होता," म्हणाले.

माझ्याशी नाही, मडगार्डाशीच. मग जेवले नाहीत, बोलले नाहीत. हल्लीच्या त्या बडबडीनंतर घर एकदम ओकंओकं वाटलं मला.

आज सकाळी मी उठले तर गॅरेजचं दार सताड उघडं. हे गाडी मागे ओढत अंगणात काढत होते, एकटेच, या वयात, धापा टाकत. मी धावले तर हाताने थांबवलं. अंगणात तिला फिरवली, आणि मागचं चाक भिंतीकडे करून आत ढकलत नेली. रंगाऱ्यांनी ठेवली होती तशी. मग पत्र्याची चकती काढून बाहेर फेकली, प्लग परत लावला, तुमचा कार्बोरेटर घेतला आणि बसवला. तुमची पट्टी सोडली नाही, तशीच राहू दिली. "तो खिडकीचा म्हणाला ना," म्हणाले, "मग खिडकीचाच आहे. बघ."

बघितलं. खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं.

किक मारलेली नाही. मी म्हटलं, मारा ना. तर म्हणतात, दोन कार्बोरेटर जुळवायला दोन माणसं लागतात. एकाने अ‍ॅक्सिलरेटरची मूठ धरायची, दुसऱ्याने मागे बसून ऐकायचं. मी म्हटलं, मी आहे की. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी स्वयंपाकघरात गेले.

वीस तारीख पुढे जाणार नाही, मी डॉक्टरांना विचारून बघितलं. उत्तर लिहीत बसू नका. या.

वहिनी

४ एप्रिल

धाकट्या,

वहिनी म्हणते मी ओरडून बोलतो. मला ते कळायचं आता साधन नाही, म्हणून लिहितो. कागदावर आवाज चढत नाही.

टाके निघाले. चालताना जरा तोल जातो, तो येईल म्हणतात. डोक्यात शिट्टी वाजते, ती खरी नाही म्हणतात. बाकी सगळं शांत आहे. वहिनीचं तोंड हलताना दिसतं, आणि संसारात पहिल्यांदाच मला शेवटचा शब्द मिळतो.

तू येऊन किक मारलीस त्या दिवशी मी काही बोललो नाही. तुला वाटलं असेल, म्हातारा अजून फुगलेला आहे. तसं नव्हतं. बोललो असतो तर माझाच आवाज मध्ये आला असता. तिसऱ्या किकला लागली आणि दोन्ही ठोके एकदम आले. मी पोटभर ऐकलं. बाबा गल्लीच्या तोंडाशी आले की आपण दोघं दाराकडे पळायचो, तोच आवाज. नंतर भूल देईपर्यंत मी दुसरं काही नीट ऐकलं नाही. डॉक्टर काहीतरी सांगत होता, मी नुसती मान हलवली.

त्या दिवशी तोंडाने आलं नाही ते इथे लिहितो. तू साफ केला होतास.

आज गाडी चालू केली. वहिनीला मुठीवर बसवलं. ती मूठ अशी पिळते की जणू ओलं कापड आहे. मी मागे बसलो आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरले. हाताला सगळं कळतं रे. ठोका येतो, गरम लागतो, जातो. कानाला कळायचं त्यापेक्षा थोडं उशिरा कळतं, पण कळतं.

दारचा चोख आहे. खिडकीचा किंचित मागे पडतोय. वहिनी खूण करते की छान चाललंय, पण तिचा कान शिलाई मशीनचा. तू येऊन स्क्रू फिरव, मी मागे हात धरून बसतो. बारीक तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आण, माझा सापडत नाही.

आणि गोंधळ नको म्हणून लिहून ठेवतो. खिडकीचा म्हणजे तू म्हणतोस तो खिडकीचा.

दादा